प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचे सहा महिने

गेल्या आठवड्यात एका बैठकीचं बोलावणं आलं. छोट्या व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणाचा नवा कार्यक्रम आखायचा होता. आराखड्याच्या पहिल्याच ओळीत आकडा होता: वर्षभरात २०० जणांना प्रशिक्षण. तीन दिवसांचं शिबिर, पाच तुकड्या, दर तुकडीत ४० जण. हॉलचं भाडं, फायली, बॅनर, प्रमाणपत्रं, समारोपाचे पाहुणे, सगळ्याची तरतूद नीट मांडलेली. शिबिर संपल्यावर या २०० जणांच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये कोण जाणार आणि किती वेळा, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. मी तेवढंच विचारलं. "फोनवरून पाठपुरावा करू," असं उत्तर आलं.

बैठकीत मला जे म्हणायचं होतं ते घाईघाईत, अर्धवट म्हणून झालं. ते इथे सविस्तर लिहिते.

दप्तरं आणि कापडी बॅगा शिवण्याचा माझा व्यवसाय आहे, अठरा वर्षं झाली. एका मशीनवर सुरुवात केली, आज सात मशीन आहेत. गेली सहा वर्षं इतर व्यावसायिकांना शिकवायलाही जाते. त्यामुळे वर्गात खाली बसून ऐकायचंही झालंय आणि समोर उभं राहून बोलायचंही.

माझं पहिलं प्रशिक्षण आठ दिवसांचं होतं. धंद्याचं तिसरं वर्ष, मशीन तीन, मदतीला दोघीजणी. आठ दिवस काम बंद ठेवून गेले. पेनं बनवणारा एक काल्पनिक कारखाना घेऊन त्याचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह, सगळं पडद्यावर दाखवलं. मी एकही तास चुकवला नाही, वही भरून काढली. शेवटच्या दिवशी एक फॉर्म दिला. प्रशिक्षण कसं वाटलं, पाचपैकी गुण द्या. मी पाच दिले आणि मनापासून दिले. तोवर घरात, नात्यात, सगळे "ती शिवणकाम करते" असं म्हणायचे. इथे आठ दिवस कुणीतरी माझ्या कामाला व्यवसाय म्हणत होतं, मला उद्योजक म्हणत होतं. त्याचं केवढं अप्रूप होतं!

नवव्या दिवशी शटर उघडलं तर दोन ऑर्डरी रखडलेल्या, एक मशीन बंद पडलेलं, आणि एक गिऱ्हाईक दारात उभं. वही खणात गेली. वर्षभराने खण आवरताना हाताला लागली. शेवटचं पान आठव्या दिवसाचंच होतं. त्या वर्षभरात मी दप्तरांची एक मोठी ऑर्डर तोट्यात पुरी केली होती, आणि तोटा झालाय हे मला ती पोचवल्यावर चार महिन्यांनी, कापडवाल्याची उधारी फिटेना तेव्हा कळलं. वहीत खर्च काढायची रीत लिहिलेली होती. पेनांच्या कारखान्याची. ती माझ्या कटिंग टेबलावर कशी आणायची, हे मला ना कुणी विचारलं, ना सांगितलं.

त्या आयोजकांचं नाव घ्यायचं नाही, कारण ते वाईट नव्हते. शिकवणारे तळमळीने शिकवत होते. आमच्यासारखी किती माणसं वर्गात बसली हे मोजायचं त्यांना सांगितलं होतं आणि ते त्यांनी चोख मोजलं.

दुसरा कार्यक्रम दोन वर्षांनी मिळाला. वर्ग तीनच दिवसांचा, आणि नंतर सहा महिने एक मार्गदर्शक महिन्यातून एकदा आमच्या जागेवर येणार, अशी योजना. माझ्या वाट्याला ज्या आल्या त्यांनी स्वतः तीस वर्षं छापखाना चालवला होता. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणायचो.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मी खुर्ची पुसून पुढे केली, हिशेबाच्या वह्या काढून ठेवल्या. त्यांनी वह्या उघडल्याच नाहीत. मशीनशेजारी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "तू तुझं काम कर. मी बसते." बराच वेळ नुसत्या बसल्या. मग विचारलं, "एक दप्तर शिवायला किती वेळ लागतो गं?"

"अर्धा तास."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दप्तर पुरं व्हायला ५२ मिनिटं लागली. शिलाईची मिनिटं खरोखरच तीसच होती. उरलेली बावीस बॉबिन भरण्यात, चेनचा रनर शोधण्यात आणि अस्तराचे तुकडे आतल्या खोलीतून आणण्यात गेली होती. दर ठरवताना मी मजुरी अर्ध्या तासाचीच धरत होते. आतल्या खोलीत जाण्यायेण्याला कुणी पैसे देत नव्हतं, पण पगार मी त्याही वेळेचा भरत होते.

मग त्यांचं लक्ष टेबलाखालच्या पोत्याकडे गेलं.

"यात काय?"

"चिंध्या. या आठवड्याच्या."

काकूंनी पिशवीतून ताणकाटा काढला. पोत्याची गाठ आकड्यात अडकवून दोन्ही हातांनी उचललं. ९ किलो. आठवड्यात कापड किती कापलंस, असं विचारलं. मी बिल शोधून काढलं, तर ५० किलो. काकूंनी पाटीवर, माझ्याच खडूने, फक्त "१८" असा आकडा लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली. शंभरातलं अठरा किलो कापड मी विकत घेत होते आणि पोत्यात भरत होते.

"मग काय करू?" मी विचारलं.

"मला शिवण येत नाही," काकू म्हणाल्या. "तू महिनाभर विचार कर. मी परत आले की पहिल्यांदा पोतं उचलणार."

आजवर मला मिळालेल्या सगळ्या प्रशिक्षणातलं हे एक वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्या परत येणार होत्या. त्या महिन्यात मी पुठ्ठ्याचे साचे केले, कापड बेतताना तुकडे एकाआड एक उलटसुलट मांडून बघितले, पट्ट्यांसाठी वेगळं कापड कापायचं बंद करून कडेच्या पट्टीतूनच पट्टे काढले. पुढच्या खेपेला काकूंनी आल्या आल्या काटा काढला. तेवढ्याच कापडामागे पोतं साडेपाच किलो भरलं. पाटीवरचा अठरा त्यांनी पुसला नाही, शेजारी अकरा लिहिला.

शिकवायला लागल्यापासून मला एका गोष्टीचा नाद लागला. या प्रशिक्षणांचा खरोखर काही उपयोग होतो का, हे कुणी तपासलंय का, ते वाचायचं. पुष्कळांनी तपासलंय. काही जणांना प्रशिक्षण द्यायचं, तशाच इतर काही जणांना द्यायचं नाही, कुणाला कुठे घालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि पुढे दोन्हीकडचा धंदा मोजत राहायचा, अशी ही पद्धत. डेव्हिड मॅकेन्झी या अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र घेऊन हिशेब मांडला. प्रशिक्षणाने विक्री सरासरी ४.७ टक्क्यांनी वाढते आणि नफा १०.१ टक्क्यांनी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एवढंच? मग माझ्या धंद्याला लावून पाहिलं. नफ्यात दहा टक्के म्हणजे वर्षाला तेराव्या महिन्याची कमाई. छोट्या माणसाच्या घरात तेरावा महिना काय करू शकतो ते मला माहीत आहे. तेव्हा "प्रशिक्षणाने काही होत नाही" असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. पण सरासरीच्या पोटात पेनांचा कारखानाही असतो आणि काकूंचा ताणकाटाही, म्हणून कशाने काय होतं हे सुटं करून बघायला हवं.

नैरोबीतल्या दांडोरा या वस्तीत केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवसाय करणाऱ्या तरुण स्त्रियांपैकी काहींना वर्गात शिकवलं, आणि काहींची गाठ त्याच वस्तीतल्या, धंद्यात मुरलेल्या बायकांशी घालून दिली. वर्गात शिकलेल्यांच्या नफ्यात फरक दिसला नाही. अनुभवी बाईची सोबत मिळालेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. कशामुळे, तर माल स्वस्त कुठे मिळतो ते कळलं. पुरवठादार बदलले, खरेदीचा खर्च उतरला. हे वाचताना मी मान डोलावत होते. काकूंनी मला तिसऱ्या भेटीत त्यांच्या ओळखीच्या ठोक व्यापाऱ्याकडे नेलं होतं. तोवर मी मीटरवर कापड घ्यायची, तिथून पुढे थान घ्यायला लागले. कुठला प्रशिक्षक पडद्यावर व्यापाऱ्याचं नाव दाखवणार? ते त्याला ठाऊकच नसतं. त्याला ठाऊक असतं ते सगळ्या धंद्यांना सारखंच लागू होणारं, आणि छोट्या धंद्याचं निम्मं दुखणं त्या एकट्या धंद्याचं असतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. ती सोबत सुटली तसा फायदाही ओसरत गेला. त्याकडे पुढे येते.

नुसत्या भेटी वाढवल्या की झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण, म्हणजे हिशेब, विक्री, पैशांचं नियोजन. दुसऱ्या गटाला मायकेल फ्रेझे या मानसशास्त्रज्ञाने विकसित केलेलं प्रशिक्षण, ज्यात शिकवायचं एकच: आपण होऊन पाऊल उचला, इतरांपेक्षा वेगळं काय करता येईल ते शोधा, पुढचं आधी बघा, अडचण आली तरी धरून राहा. तिसऱ्या गटाला काहीच नाही. वर्गांनंतर व्यवसायाच्या जागी भेटी दोन्ही गटांना होत्या. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ ११ टक्के, आणि ती योगायोगाचीही असू शकेल इतपत कच्ची.

ही कल्पना आपल्याकडे फार आधी येऊन गेली आहे, हे फारसं कुणाला आठवत नाही. १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड आणि हैदराबादची लघुउद्योग प्रशिक्षण संस्था यांनी काकीनाडाच्या व्यापारी-उद्योजकांना सिद्धिप्रेरणेचं, म्हणजे काही साध्य करून दाखवायच्या ओढीचं, प्रशिक्षण दिलं होतं. हिशेब शिकवायचा त्यात उद्देशच नव्हता. स्वतःपुढे अवघड पण आवाक्यातलं उद्दिष्ट ठेवायची सवय लावायची, एवढंच. नंतर पाहिलं तर प्रशिक्षण घेतलेली माणसं न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालचाल करत होती, नवी गुंतवणूक करत होती. भारतात पुढे उद्योजकता विकासाचे जे कार्यक्रम उभे राहिले त्यांच्या मुळाशी हा प्रयोग आहे. साठ वर्षं झाली, आणि आजही आराखडा हातात आला की पहिला विषय "ताळेबंद म्हणजे काय" हाच असतो.

म्हणूनच काकूंचं "मला शिवण येत नाही" हे वाक्य मला आता वेगळं कळतं. पुठ्ठ्याचे साचे त्यांनीच सुचवले असते तर मी ते केले असते आणि तिथेच थांबले असते.

हिशेब शिकवूच नये असं कुणी यातून काढू नका. मी शिकवते, पण कमी शिकवते. डॉमिनिकन प्रजासत्ताकात एका संस्थेच्या छोट्या कर्जदारांपैकी काहींना रीतसर लेखापद्धती शिकवली, आणि काहींना नुसते सोपे नियम दिले. धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्या. स्वतःला ठरलेला पगार घ्या, त्याबाहेर धंद्याच्या खणात हात घालू नका. सोप्या नियमवाल्यांचे व्यवहार सुधारले. रीतसर लेखापद्धती शिकलेल्यांमध्ये उल्लेख करावा असा फरक पडला नाही. २०१४ मध्ये हा अभ्यास छापून आला. तो वाचल्यापासून मी वर्गाला जाताना पत्र्याचे दोन डबे घेऊन जाते.

डब्यांचा उपयोग कसा होतो ते एका दुरुस्तीवाल्यांकडे बघितलं. मोटारी आणि पंप दुरुस्त करतात, हात अत्यंत कसबी. पहिल्या भेटीत म्हणाले, "ताई, काम भरपूर आहे. पैसा दिसत नाही." डबे दिले. महिन्याने गेले तर धंद्याच्या डब्यात जवळजवळ काही नाही. मला वाटलं घरात खर्च होतोय. ते म्हणाले, "नाही हो, घरच्या डब्यातही नाही." दोन्ही डबे रिकामे म्हणजे पैसा आलेलाच नव्हता. सगळा उधारीत अडकलेला. कुणाकडे किती, असं विचारल्यावर ते डोळे मिटून आठवत एकेक नाव सांगू लागले आणि मी लिहीत गेले. एकवीस नावं निघाली. सगळ्यांत जुनं येणं चौदा महिन्यांपूर्वीचं. मागायचा संकोच, हे खरं कारण. "इतकी वर्षं येतात, कसं मागायचं?"

त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्याने ज्या दिवशी पैसे द्यायचं कबूल केलं त्या चौकटीत त्याचं नाव लिहायला लागले. गिऱ्हाईक समोर उभं असताना विचारायचे, "कुठली तारीख लिहू?" आणि त्यालाच पेन द्यायचे. मागण्याचा संकोच होता, तारीख विचारण्याचा नव्हता. चौथ्या भेटीपर्यंत एकवीसपैकी तेरा नावांवर काट मारलेली होती.

आता ओसरण्याबद्दल. सहा महिने संपले, काकू यायच्या थांबल्या, आणि वर्षभराने माझं पोतं परत सात किलोंवर गेलं. हे सांगायला मला जड जातंय, पण दांडोराच्या बायकांचं जे झालं तेच माझंही झालं. तिथून मला सावरलं ते आमच्याच तुकडीतल्या चौघींनी. आम्ही महिन्यातून एकदा एकमेकींच्या जागी जमायला लागलो. ज्या घरी बैठक तिची वही उघडायची, हा आमचा नियम. चीनमधल्या नानचांग शहरात हेच मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. २,८२० तरुण कंपन्यांपैकी काहींच्या चालकांचे गट केले, साधारण दहा-दहा जणांचे, आणि वर्षभर त्यांनी दरमहा भेटायचं. त्यांची विक्री ८.१ टक्क्यांनी वाढली, आणि गाठीभेटींचं वर्ष संपल्यावरही फायदा टिकला. त्यात एक बारीक पण कामाची नोंद आहे. गटात थेट स्पर्धक असले की माणसं माहिती हातची राखून ठेवतात. आमच्या चौघींत बॅगा शिवणारी मी एकटीच होते, म्हणून मी मोकळेपणाने वही उघडू शकले. तुकड्या पाडताना "सगळे शिवणकामवाले एकत्र" असं सोयीने करतात, त्याचा जरूर विचार व्हावा.

वेळांबद्दल थोडक्यात. एकट्याने दुकान चालवणाऱ्याला सलग तीन दिवस बोलावणं म्हणजे त्याची तीन दिवसांची विक्री मागून घेणं. आठवड्यातून एक दुपार, तीही मंदीच्या वेळची, असे वर्ग ठेवले तर गळती कमी होते. बायका मुलांना घेऊन आल्या तर येऊ द्याव्यात. आणि कर्ज मिळेल या आशेवर वर्ग भरवू नयेत, कारण मग माणसं फॉर्मची वाट बघत बसतात, शिकत नाहीत.

बैठकीचं पुढे काय झालं ते सांगते. माझा प्रस्ताव होता की २०० ऐवजी ६० जण घ्या, वर्गाचे दिवस तेवढेच ठेवा, आणि प्रत्येकाकडे सहा भेटी. ३६० भेटी होतात. त्यावर बराच वेळ शांतता होती, कारण वरच्यांना दाखवायचा आकडा २०० वरून ६० वर येतो. मी म्हटलं, ३६० दाखवा. शेवटी ८० जण आणि चार भेटी, यावर तोडगा निघाला. मला सहा हव्या होत्या. दुसऱ्या भेटीपर्यंत माणूस खरं बोलत नाही, आणि उधारीसारख्या गोष्टीला चार भेटीही अपुऱ्या पडतात. पुढच्या वर्षी पुन्हा मागेन.

भेटी देणार कोण, हा प्रश्न उरला होता. निवृत्त अधिकारी सुचवले गेले. अमेरिकेत १९६४ पासून स्वयंसेवी मार्गदर्शकांची स्कोअर ही संस्था चालते, तिची सुरुवात निवृत्त अधिकाऱ्यांपासूनच झाली, तेव्हा ती वाट चुकीची नाही. पण मी आधीच्या तुकड्यांतल्या व्यावसायिकांची नावं दिली. त्यांना भेटीमागे मानधन द्यावं असाही आग्रह धरला, कारण तेवढा वेळ त्यांचा धंदा बंद राहणार. सात जणांना विचारलं, पाच तयार झाले.

दुरुस्तीवाले भाऊ आधी नाही म्हणत होते. "मी काय शिकवणार, ताई? मी शाळाही पुरी केली नाही."

मी त्यांना म्हटलं, गेल्या वर्षीचं कॅलेंडर फेकलं नसेल तर तेवढंच घेऊन जा. ते आतल्या खोलीत गेले आणि गुंडाळी करून रबर लावलेलं कॅलेंडर घेऊन आले. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. पहिली भेट येत्या बुधवारी आहे, एका सुताराकडे.